परदेशात दिवस राहिल्याचं कळलं, तर?

नवऱ्याला भेटायला दोन महिन्यांच्या व्हिसावर दुबईला गेलेली सून, मस्कतच्या इस्पितळातली नर्स, थायलंड-सिंगापूरच्या सहलीला निघालेली पंचेचाळिशीची गृहिणी, लंडनला शिकणारी मुलगी. खासबाग, वडगाव, शहापूरपासून निपाणीपर्यंतच्या घरांतून बायका आता परदेशी जातात. त्यांच्याकडून एक प्रश्न पुन्हापुन्हा येतो, बहुतेक वेळा ‘मैत्रिणीसाठी विचारते’ असं म्हणून: तिकडे असताना पाळी चुकली, कार्डावर दोन रेघा आल्या, आता काय करायचं? तिथेच डॉक्टरांना दाखवायचं की गुपचूप घरी यायचं? विमानात बसलं तर चालतं का? लग्नाचा दाखला मागतात म्हणे, तो नसला तर?

उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: किती आठवडे झाले, गर्भ पिशवीतच आहे ना, आणि तुम्ही कोणत्या देशात आहात. पासपोर्ट भारताचा असला तरी कायदा तुम्ही उभ्या आहात त्या जमिनीचा चालतो. या तीन गोष्टी पक्क्या होईपर्यंत मोठा निर्णय घेऊ नका, आणि त्या पक्क्या करायला वेळही लावू नका.

आधी खात्री करून घ्या

प्रवासाची दगदग, जागरण, बदललेलं जेवण यांनी पाळी पुढे जाऊ शकते. त्यामुळे चार दिवस उशीर झाला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण ‘हवापालट झालाय’ म्हणून महिनाभर गप्प बसणंही बरं नाही.

1. पाळीची तारीख टळली की चाचणीचं कार्ड आणा. ते औषधाच्या दुकानात मिळतं. सकाळची पहिली लघवी वापरा. निकाल नकारार्थी आला आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासा.
2. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवा. डॉक्टर तिथूनच आठवडे मोजतात. म्हणजे पाळी चुकून आठवडा झाला, तेव्हा गर्भ साधारण पाच आठवड्यांचा धरला जातो.
3. सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करा. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे कार्डाला कळत नाही, सोनोग्राफीला कळतं.
4. कॉपर-टी बसवलेली असून कार्डावर दोन रेघा आल्या, तर सोनोग्राफीला थांबू नका. अशा वेळी गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त असते.
5. चाळिशी ओलांडली असेल तर ‘पाळी जायची वेळ आली’ असं परस्पर ठरवू नका. पाळी अनियमित झाली तरी दिवस राहू शकतात.

गर्भनिरोधक गोळी नियमित घेत असूनही प्रवासात असं घडतं. वेळेच्या फरकात गोळी चुकते, किंवा उलट्या-जुलाबात ती अंगीच लागत नाही. स्वतःला दोष देण्यात दिवस घालवू नका.

ही लक्षणं दिसली तर थेट इस्पितळ गाठा

- ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ
- खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी येणं, डोळ्यांपुढे अंधारी
- अंगावरून बरंच जाणं, तासाभरात पॅड भिजणं
- अंगावरून पाणी जाणं
- ताप, थंडी वाजून येणं, घाण वासाचा स्राव

पहिल्या दोन लक्षणांमागे नळीतला गर्भ असू शकतो. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. इथे लग्नाचा दाखला, विमा, खर्च हे सगळे प्रश्न नंतरचे. रुग्णवाहिकेचे क्रमांक: संयुक्त अरब अमिरातीत ९९८, सौदीत ९९७, सिंगापुरात ९९५, थायलंडमध्ये १६६९, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२, अमेरिकेत ९११.

बेळगावला हा विषय परका नाही. इथे वाढलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये गॉलवे इथे राहत होत्या. त्यांचा गर्भ हवा असलेला होता. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, सतराव्या आठवड्यात, पाठदुखी घेऊन त्या इस्पितळात गेल्या. गर्भपात अटळ आहे हे स्पष्ट झालं, गर्भजलाची पिशवीही फुटली. त्यांनी गर्भ काढण्याची विनंती केली, पण गर्भाचे ठोके चालू होते आणि तिथला त्या वेळचा कायदा आड आला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला, वयाच्या ३१व्या वर्षी, त्या गेल्या. पुढच्या वर्षीच्या चौकशी अहवालाने उपचारांच्या १३ संधी हुकल्याचं नोंदवलं. २५ मे २०१८ रोजी आयर्लंडने सार्वमतात ६६.४ टक्के मतांनी घटनेतली गर्भपातबंदी काढायचा कौल दिला. आज तिथे बाराव्या आठवड्यापर्यंत, तीन दिवसांचं अंतर ठेवून, स्त्रीच्या मागणीवरून गर्भपात होतो.

यातून तुमच्या उपयोगाचं एवढंच: गर्भजल जात असेल आणि ताप आला, तर ‘माझा ताप, नाडी आणि रक्ताचा अहवाल किती आला? संसर्ग आहे का?’ हे स्पष्ट विचारा. उत्तर टाळलं गेलं तर वरिष्ठ डॉक्टरांना बोलावण्याची मागणी करा आणि काय सांगितलं ते वेळेसकट लिहून ठेवा. भाषा अडत असेल तर दुभाषी मागा. नवरा किंवा मैत्रीण सोबत असेल तर हे काम त्यांनी करावं, कारण तापात असलेल्या बाईला ते जमत नाही.

औषधं आणि सहलीचा कार्यक्रम

निर्णय काहीही होवो, तो होईपर्यंत गर्भ ठेवायचाच आहे असं समजून वागा.

- रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा.
- थायरॉइड, फिट्स, रक्तदाब यांच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. गावच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, काही गोळ्या बदलाव्या लागतात.
- मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर ती त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.
- अंगदुखीला आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालतं.
- मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन किंवा प्रायमाक्विन दिलं असेल तर डॉक्टरांकडून बदलून घ्या.
- स्कूबा डायव्हिंग, सॉना, गरम पाण्याचे कुंड टाळा. चालणं, फिरणं, साधं पोहणं चालतं.
- रक्तगट ‘निगेटिव्ह’ असेल तर अंगावरून गेल्यास किंवा गर्भपात झाल्यास ‘अँटी-डी’ इंजेक्शन लागेल का, हे आपणहून विचारा.

देश बदलला की नियम बदलतो

आपले लोक जास्त जातात अशा काही देशांची स्थिती अशी आहे. कायदे बदलत असतात, म्हणून तिथल्या डॉक्टरांकडून खात्री करा.

- ब्रिटन (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स): २४ आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांच्या संमतीने. पर्यटकाला खर्च भरावा लागतो. मात्र बाळंतपणाशी संबंधित उपचार पैशांसाठी अडवता येत नाहीत, बिल नंतर येतं.
- अमेरिका: तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जून २०२२च्या निकालानंतर प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात परवानगी, टेक्ससमध्ये जवळपास पूर्ण बंदी. आपण कोणत्या राज्यात आहोत हे आधी पाहा.
- थायलंड: १२ आठवड्यांपर्यंत मागणीवरून, १२ ते २० आठवड्यांत समुपदेशनानंतर.
- सिंगापूर: २४ आठवड्यांपर्यंत, पण परदेशी स्त्रीसाठी अटी आहेत. जिवाला धोका नसेल तर थोड्या दिवसांच्या पर्यटकाला ही सोय मिळत नाही. घरकामाच्या परवान्यावरची स्त्री गरोदर राहिली तर तिला परत पाठवतात.
- श्रीलंका: फक्त स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी.
- नेपाळ: १२ आठवड्यांपर्यंत मागणीवरून.
- आखाती देश: अगदी मोजक्या कारणांसाठी. तिथली बाकीची काळजी पुढे सविस्तर पाहू.

आखातात असाल तर

विवाहित स्त्रीला गरोदरपणाची तपासणी करून घ्यायला अडचण नाही. अडतं ते कागदावर. लग्नाचा दाखला इस्पितळात मागतात आणि बाळाच्या जन्मदाखल्याला तो लागतोच. आपल्याकडे घोळ होतो तो नावाचा. पासपोर्टवर माहेरचं नाव, दाखल्यावर सासरचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर कागदावर दोन वेगळ्या बायका उभ्या राहतात. तिथला कारकून पत्रिका किंवा फोटो बघून समाधान मानत नाही.

म्हणून निघण्याआधी:

- उपनिबंधक कार्यालयातून विवाहनोंदणीचा दाखला काढा. तो कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या.
- अमिराती, कतार, कुवेतसाठी त्यावर राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. सौदी आणि ओमानला परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील चालतं, दूतावासाचा शिक्का लागत नाही.
- दोन नावांचा फरक असेल तर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव नोंदवून घ्या, किंवा नाव एक करून घ्या.

लग्न झालेलं नसेल तर सावध राहा. सौदी, कतार, कुवेतमध्ये लग्नाबाहेरचा शरीरसंबंध हा गुन्हा आहे आणि गर्भ हा त्याचा पुरावा धरला जाऊ शकतो. अमिरातीत २०२२पासून लागू झालेल्या कायद्यात नियम सैल झाले. सज्ञान व्यक्तींवर नवऱ्याच्या किंवा पालकाच्या तक्रारीशिवाय खटला होत नाही. पण लग्नाबाहेर मूल झालं तर आई-वडिलांनी लग्न करावं किंवा मुलाला स्वीकारून त्याची कागदपत्रं करावीत, नाहीतर तुरुंगवासाची तरतूद आहे. घरकामासाठी येणाऱ्या स्त्रियांची व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत गर्भचाचणीही होते.

अशा वेळी त्रास काही नसेल तर चाचणी कार्डावर करा, कुणाशी बोलायचं ते विचारपूर्वक ठरवा आणि लवकरात लवकरचं परतीचं तिकीट काढा. त्रास असेल तर मात्र इस्पितळात जाच, आणि भारतीय दूतावासाला कळवा. अडचणीतल्या भारतीयांसाठी प्रत्येक दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. त्यातून कायदेशीर मदत, उपचार आणि परतीच्या तिकिटालाही हातभार लागू शकतो. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवला असेल तर तेही दूतावासाला सांगा.

जबरदस्ती झाली असेल तर पहिले ७२ तास मोलाचे. तेवढ्यात गर्भ टाळणारी गोळी आणि एचआयव्ही टाळणारी औषधं सुरू करता येतात. आखातात पोलिसांत जाण्याआधी शक्य असेल तर दूतावासाशी बोला. भारतात परतल्यावर कोणत्याही इस्पितळाने, खासगी असो वा सरकारी, अत्याचारपीडितेवर मोफत उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे.

परतीचं विमान

कळ नाही, अंगावरून जात नाही, तर सुरुवातीच्या महिन्यांत विमानप्रवास चालतो. सोनोग्राफी झालेली असली तर जास्त बरं, कारण नळीतला गर्भ हवेत फुटला तर मदत तासन्तास लांब असते.

- २८ आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात. एकच गर्भ असेल तर ३६ आणि जुळं असेल तर ३२ आठवड्यांपर्यंत साधारणपणे बसू देतात. आपल्या कंपनीचा नियम तिकीट काढण्याआधी बघा.
- चार तासांहून लांबचा प्रवास असेल तर पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वाटेकडची सीट घ्या, उठून चाला, पाणी प्या. डॉक्टरांनी सांगितलं तर दाबाचे मोजे घाला.
- पट्टा पोटाखाली, मांड्यांच्या वर बांधा.
- सोनोग्राफीचे अहवाल हातातल्या पिशवीत ठेवा. बेळगावला पोचायला गोवा, मुंबई किंवा बंगळूरला उतरून पुढचा रस्ता आहेच, तो वेळही हिशेबात धरा.

तीन वाटा आणि भारतातले तुमचे हक्क

गर्भ वाढवायचा असेल तर: गावी येताच आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद करा. कर्नाटकात ‘तायी’ कार्ड मिळतं, पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावर चढतात. बाळंतपण परदेशातच होणार असेल तर बाळाची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत करा, तरच नागरिकत्व सुरळीत मिळतं. अमिरातीत बाळाचा रहिवासी व्हिसा १२० दिवसांत काढावा लागतो.

गर्भ नको असेल तर: भारतात १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा आहे, २०२१मध्ये तो सुधारला. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे निपाणीत आणि कोल्हापुरात नियम एकच.

- ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी, त्यापुढे उपकरणाने. गोळ्याही डॉक्टरांच्या देखरेखीतच.
- २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरेसं. गर्भनिरोधक निकामी ठरलं हे कारण विवाहित-अविवाहित दोघींना लागू आहे.
- २० ते २४ आठवडे: दोन डॉक्टर, आणि ठरावीक परिस्थिती. उदाहरणार्थ अत्याचार, अल्पवय, गरोदरपणातच आलेलं वैधव्य किंवा घटस्फोट, अपंगत्व, गर्भातलं व्यंग. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही इथे सामावून घेतलं.
- २४ आठवड्यांनंतर: गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी मर्यादा आड येत नाही.
- सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही काही ठिकाणी मागतात, कायद्याला ती लागत नाही. मुलगी १८च्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते.
- तुमचं नाव उघड करणं हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

परदेशातले डॉक्टर बोलता बोलता मुलगा की मुलगी ते सांगून जातात. ते ऐकून इथे येऊन गर्भपात मागता येत नाही. लिंग हे कायद्यात कारण नाही, आणि भारतात लिंग विचारणं व सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

जन्म द्यायचा, पण सांभाळणं शक्य नसेल तर: बाळ बालकल्याण समितीपुढे कायदेशीररीत्या सोपवता येतं. निर्णय फिरवायला दोन महिन्यांची मुदत असते. ओळखीतल्या निपुत्रिक जोडप्याला बाळ परस्पर देऊ नका, त्यात पुढे दोन्ही घरं अडकतात.

नोकरी आणि विमा

- प्रवास विम्यात गरोदरपण बहुधा वगळलेलं असतं. काही पॉलिसींत जिवावरचं संकट तेवढं धरतात. ‘काय मिळणार नाही’ ही यादी आधी वाचा.
- अमिरातीत खासगी नोकरीत ६० दिवसांची बाळंतपणाची रजा आहे: ४५ दिवस पूर्ण पगार, १५ दिवस अर्धा. गरोदर म्हणून कामावरून काढता येत नाही. घरकामगारांना वेगळा कायदा लागू आहे.
- राजीनाम्याच्या कागदावर घाबरून सही करू नका. अरबीतला कागद समजल्याशिवाय तर नाहीच.

या चुका टाळा

- गर्भपाताच्या गोळ्या बॅगेत घालून नेणं. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, आणि गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांचा उपयोगही होत नाही.
- कच्ची पपई, काढे, जड उचलणं असले घरगुती उपाय. त्यांनी दिवस जातात आणि बाई आजारी पडते.
- कुणा एजंटाच्या ओळखीने बेकायदा ठिकाणी जाणं.
- गर्भपात केल्यानंतर ताप किंवा जास्त रक्तस्राव होऊनही ‘कुणाला कळू नये’ म्हणून घरात पडून राहणं.
- डॉक्टरांपासून तारीख लपवणं. आठवडे चुकले की उपचारही चुकतो.

निघण्याआधी पिशवीत असू द्या

- चाचणीची दोन कार्डं
- शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि रक्तगट
- रोजच्या औषधांची मूळ नावासह चिठ्ठी
- साक्षांकित विवाहदाखला आणि त्याची फोटोप्रत
- त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा पत्ता आणि क्रमांक
- गावच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा फोन

भारतात परतल्यावर मदत हवी असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आणि रुग्णवाहिका १०८ दोन्ही मोफत आहेत. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालयही जवळ.

शेवटचं घरच्यांसाठी. मुलीचा किंवा सुनेचा असा फोन आला, तर ‘कसं काय झालं?’ हा प्रश्न मागे ठेवा. आधी विचारा: किती आठवडे झाले, कुठे दुखतंय का, सोनोग्राफी झाली का. बाकीचं ती सुखरूप घरी आल्यावर बोलता येईल.